हळहळ सगळ्यांसाठी सारखी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात आलेले एक पत्र वाचून हे लिहीत आहे. ज्याच्याशी आपली कधी भेट नाही, बोलणे नाही, ज्याच्या घरी आपले जाणेयेणे नाही, अशा नामवंताच्या निधनावर डोळे पुसत बसणे हे निव्वळ ढोंग होय, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे ढुंकूनही न पाहणारेच अशा वेळी मोबाइलवर काळी चौकट लावून मोकळे होतात, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकांचा राग मला कळतो आणि त्यातला निम्मा पटतोही. मात्र काही जण ढोंग करतात म्हणून दुःखच खोटे, हे अनुमान मला मान्य नाही. एखादा मान्यवर गेल्यावर आपल्याला जे वाटते ते खरेच असते. फक्त ते माणसागणिक वेगळे असते, कारण प्रत्येक जण मागे काहीतरी वेगळे ठेवून जातो. आपले चुकते ते पुढे, हा वेगळेपणा न पाहता सगळ्यांना एकाच साच्यातली श्रद्धांजली वाहण्यात.

प्रथम भेटीच्या मुद्द्याविषयी. ६ मे २०२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता कोल्हापूरने शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहून महाराजांना मानवंदना दिली. मी त्या वेळी मिरजकर तिकटीला होतो. केएमटीची बस थांबली, रिक्षावाल्यांनी इंजिने बंद केली, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई पाटी न उतरवता तशीच उभी राहिली, आणि ज्या चौकात एरवी हॉर्नखेरीज काही कानी पडत नाही तिथे चहाच्या गाड्यावरच्या स्टोव्हची भरभर ऐकू येऊ लागली. महाराजांना डोळ्यांनी पाहिलेले माणूस त्या गर्दीत असणे शक्यच नव्हते. तरीही मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे १९०२ चे फर्मान, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, जातीजातींच्या मुलांसाठी काढलेली बोर्डिंगे, राधानगरीचे धरण, यांतले काही ना काही तिथल्या बहुतेकांच्या उंबऱ्यापर्यंत आलेले होते. माझे आजोबा खेड्यातून येऊन इथल्या एका बोर्डिंगात राहिले नसते, तर त्यांना अक्षरओळख झाली नसती आणि अक्षरांवर पोट भरणारा धंदाही आमच्या घरात आला नसता. ज्या राजाचा मृत्यू माझ्या वडिलांच्या जन्माआधीचा, त्याच्यासाठी मी त्या सकाळी उभा राहिलो, आणि त्यात ढोंग कुठे होते ते मला अजून सापडलेले नाही. (महाराजांच्या इच्छेप्रमाणे नर्सरी बागेत त्यांची समाधी उभी राहायला मात्र या शहराला जवळजवळ शतक लागले, हेही नोंदवून ठेवतो.)

दुसरे असे, की अनोळखी माणसाच्या मरणाची दखल घेणे ही या गावाला नवलाची गोष्ट नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि होळीच्या सुमारास तालीम मंडळे आणि सामान्य नागरिक तिथे शेणी (शेणाच्या गोवऱ्या) दान करतात. आपण दिलेल्या शेणी कोणाच्या चितेला लागणार हे देणाऱ्याला ठाऊक नसते आणि तो विचारायलाही जात नाही. ज्याचे नाव माहीत नाही त्याच्यासाठी एवढे करणाऱ्यांनी ज्याचे नाव जन्मभर ऐकले त्याच्यासाठी दोन टिपे गाळली, तर त्यांना खोटे ठरवण्याची घाई आपण करू नये.

आता ढोंगाविषयी, कारण ते मी फार जवळून पाहिले आहे. मंगळवार पेठेत आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, कुस्तीच्या मैदानांची हँडबिले आणि शोकसभांची पत्रके ही आमची नेहमीची कामे. खिळे (शिशाची सुटी अक्षरे) जुळवून ट्रेडल छापयंत्रावर छपाई चालत असे तेव्हा 'त्यांच्या निधनाने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे' ही ओळ आमचे जुळारी सोडवतच नसत. ती जुळवलेली तशीच दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलेली असायची आणि माणूस कोणीही गेला तरी उचलून चौकटीत बसवली जायची. त्याच जागेत आता माझा मुलगा फ्लेक्स छापतो. फ्लेक्सवर गेलेल्या माणसाचा फोटो मधोमध आणि त्याच्या खाली 'शोकाकुल' म्हणून वीसपंचवीस हसरे चेहरे असतात; महापालिकेची निवडणूक जवळ आली असेल तर खालचे चेहरे वरच्या चेहऱ्याहून मोठे होतात. मध्यंतरी एक कार्यकर्ते आजारी असलेल्या एका पुढाऱ्यांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स आगाऊच 'डिझाइन करून ठेवा' म्हणून सांगून गेले होते. पुढारी सुखरूप घरी आले. पुढे त्यांच्या वाढदिवसाला तोच फोटो, त्याच कार्यकर्त्यांच्या यादीसह, काळ्या चौकटीच्या जागी सोनेरी महिरप घालून छापला गेला आणि त्याबद्दल कोणालाही काही वाटले नाही. पत्रलेखकांचा राग या प्रकारावर असेल तर मी त्यांच्या बाजूने उभा आहे.

पण त्याच छापखान्यात मी दुसरेही पाहिले आहे. २ सप्टेंबर १९७६ रोजी भाऊसाहेब, म्हणजे वि. स. खांडेकर, गेले. ज्ञानपीठ मिळालेला पहिला मराठी लेखक आपल्या गावात राहतो याचा त्या काळी घराघरात अभिमान होता. एका वाचनालयाने घेतलेल्या शोकसभेचे हँडबिल आमच्याकडे आले, तेव्हा वडिलांनी ते जुळाऱ्याकडे दिले नाही. स्वतः केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या पेटीपुढे, उभे राहून एकेक खिळा उचलला, नावासाठी ठेवणीतला मोठा टाइप काढला, झिजलेला 'क' बदलून दुसरा घातला, आणि फळीवरची ती बांधलेली ओळ हाताने बाजूला सारून त्या जागी फक्त सभेची वेळ आणि ठिकाण घातले. वडिलांची आणि खांडेकरांची ओळख नव्हती. दृष्टी गेल्यानंतरच्या काळात कोणाचा तरी हात धरून चालणाऱ्या भाऊसाहेबांना त्यांनी राजारामपुरीत लांबून पाहिले होते, एवढेच. पण खांडेकरांच्या कादंबऱ्या वाचत त्यांची उमेद घडली होती, मुलांची नावे ठेवतानाही त्यांनी त्या कादंबऱ्यांत शोधाशोध केली होती. छपाई झाल्यावर ते मला एवढेच म्हणाले, ''बिल करू नकोस.'' उधारीच्या वहीतली आणा-पैची बाकीही न सोडणाऱ्या माणसाचे ते बोलणे होते, म्हणून मला त्याची किंमत माहीत आहे.

प्रत्येकासाठीचे दुःख वेगळे असते याची मला नीट जाणीव झाली ती २०२२ च्या सुरुवातीला. ४ जानेवारीला सिंधुताई सपकाळ गेल्या, १७ जानेवारीला प्रा. एन. डी. पाटील, २७ जानेवारीला अनिल अवचट, २ फेब्रुवारीला आपल्या कोल्हापूरचे रमेश देव आणि ६ फेब्रुवारीला लता मंगेशकर. सुमारे महिन्याभरात पाच वेळा वर्तमानपत्राचे पहिले पान तसेच निघाले. ठसठशीत मथळा तोच, 'काळाच्या पडद्याआड' तेच, मंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंतच्या प्रतिक्रियांची चौकटही तीच. मला मात्र एन. डी. सरांसाठी जे वाटले आणि लतादीदींसाठी जे वाटले, त्यांत काहीही सारखे नव्हते.

एन. डी. सर गेल्याचे कळले तेव्हा डोळ्यांत पाणी आले नाही. 'आता कोणाकडे जायचे?' असे आधी मनात आले. रस्ते प्रकल्पाच्या टोलविरुद्ध कोल्हापूर उठले तेव्हा ऐंशीच्या घरातले एन. डी. सर आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे मोर्चाच्या पुढे चालत होते आणि त्यांच्या मागे चालणाऱ्यांत कोणत्या पक्षाचा कोण हे कोणी विचारत नव्हते. १९७८ मध्ये सहकारमंत्री झालेला हा माणूस मंत्रिपद गेल्यावरही वीजबिलापासून शेतकऱ्याच्या जमिनीपर्यंत कोणत्याही प्रश्नाला स्वतःच्या घरचा प्रश्न समजून कागदपत्रे मागवून वाचत असे. लोक त्यांच्याकडे सहानुभूतीसाठी जात नसत, हिशेब मांडून घेण्यासाठी जात असत. असा माणूस जातो तेव्हा दुसऱ्या दिवशीपासून शहराच्या व्यवहारात खरोखर अडचण होते. पुढचा अन्यायाचा विषय निघाल्यावर बैठक कोणाच्या अध्यक्षतेखाली घ्यायची, इथपासून. कोरोनाचे निर्बंध असल्याने त्यांच्या अंत्ययात्रेला कोल्हापूरला हवी तशी गर्दीही करता आली नाही. अशा माणसाच्या शोकसभेत त्यांच्या मोठेपणाची भाषणे कशाला हवीत? त्यांच्या टेबलावर अर्धवट राहिलेली कामे कोणती होती आणि ती कोण अंगावर घेणार, याची यादी तिथे वाचली गेली पाहिजे.

लतादीदींचे सगळे उलटे. गाणे कुठेही गेले नव्हते. सोमवारी सकाळी शेजारच्या घरातल्या रेडिओवर तोच आवाज होता, आणि एखादे गाणे कमी झाले असेल तर ते मोजायला कोणी बसले नव्हते. वयाच्या ब्याण्णव्या वर्षी, सगळे काही करून, देशाने तिरंग्यात लपेटून निरोप दिलेल्या बाईंसाठी इतके लोक का रडले? याचे उत्तर मला आमच्या घरात मिळाले. माझी धाकटी बहीण बातमी पाहत असताना एकदम म्हणाली, ''आई गेली तेव्हा तिच्या पिढीचं कोणीतरी आहे असं वाटत होतं.'' आमची आई चुलीपुढे बसून दीदींची गाणी गुणगुणत असे. ती सूर सोडून गायची, मधल्या कडव्याचे शब्द विसरायची, आणि तरीही ते गाणे आम्हाला आजही आईच्याच आवाजात आधी आठवते. दीदी हयात होत्या तोवर आमच्या आईचा काळ पूर्ण संपला नव्हता. त्या गेल्या आणि तो संपला. तेव्हा पत्रलेखकांना मी नम्रपणे सांगेन, की परक्या माणसासाठी रडणाऱ्यांतले पुष्कळ जण त्या दिवशी आपल्याच माणसांसाठी रडत होते. आपली माणसे गेली त्या दिवशी अंत्यविधीची, पाहुण्यांची, जेवणाची व्यवस्था पाहण्यात रडायला सवड झालेली नसते, हा अनुभव संसार केलेल्या कोणालाही असेल.

कोल्हापूरच्या दुःखात आणखी एक गुंता होता. वडिलांच्या, मास्टर दीनानाथांच्या निधनानंतर मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर ही कोवळ्या वयाची मुलगी आपल्या गावात राहिली, १९४५ मध्ये मुंबईला गेली, पुढे 'आनंदघन' या नावाने भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना तिने संगीत दिले, आणि भालजींचा जयप्रभा स्टुडिओही तिच्याच मालकीचा झाला. त्या जागेच्या भवितव्यावरून शहरात बरीच वर्षे धुसफूस चालू होती, आणि दीदी गेल्या त्याच महिन्यात स्टुडिओची विक्री झाल्याची बातमी फुटून आंदोलन उभे राहिले. माझ्या ओळखीतल्या एका जुन्या प्रकाशयोजनाकाराने सहा तारखेला दीदींच्या फोटोला हार घातला आणि पुढच्याच आठवड्यात तो स्टुडिओच्या दारात घोषणा देत बसला होता. लोक त्याला हसले. मला त्यात काहीही विसंगत वाटले नाही. घरातली थोरली बहीण गेली तर तिच्या वाटणीचा वाद काही तिच्याबरोबर जळून जात नाही, आणि वाद आहे म्हणून तिच्यासाठी आलेले रडू खोटे ठरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल फक्त चांगलेच बोलावे, या आपल्या दंडकामुळे श्रद्धांजलीची भाषा इतकी गुळमुळीत होऊन बसली आहे, की गेलेला गायक होता की साखर कारखान्याचा संचालक, हे नाव वाचल्याखेरीज कळत नाही. (दीदी रुग्णालयात असताना त्या गेल्याच्या अफवा किती जणांनी पुढे ढकलल्या, आणि त्यांत शिकलेसवरलेले किती होते, हा विषय वेगळ्या पत्राचा आहे.)

पानसरे अण्णांविषयी लिहिताना मला अजूनही जड जाते. १६ फेब्रुवारी २०१५ ला, सोमवारी सकाळी, फिरून घरी परतणाऱ्या या म्हाताऱ्या जोडप्यावर सागरमाळ भागात गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या, अण्णा २० तारखेला मुंबईत गेले. मधले दिवस या शहराने कसे काढले ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. आधी पुण्यात दाभोलकर असेच गोळ्यांनी गेले होते, अण्णांच्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी तसेच गेले. ज्या टोलविरुद्ध अण्णा रस्त्यावर उतरले होते तो रद्द झाल्याची घोषणा डिसेंबरात झाली, तेव्हा बिंदू चौकात साखर वाटणाऱ्या एका कार्यकर्त्याचा हात मध्येच थांबलेला मी पाहिला. त्याने पुडा दुसऱ्याकडे दिला आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. वयाने थकलेला माणूस जातो तेव्हा दुःख हळूहळू निवते. मारल्या गेलेल्या माणसाचे तसे निवत नाही, आणि ते निवावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. अण्णांच्या बाबतीत या शहराने साचा मोडला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. लोक त्यांच्या स्मरणार्थ सकाळी फिरायला बाहेर पडले, 'आम्ही सारे पानसरे' म्हणत 'निर्भय मॉर्निंग वॉक' काढले, आणि शिवाजी महाराजांवरची त्यांची छोटी पुस्तिका, जी पूर्वी सभेच्या दारात टेबलावर पडून असायची, ती लोक मागून घेऊ लागले. ज्या गोष्टीमुळे माणूस गेला तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी उघडपणे करणे, याहून समर्पक श्रद्धांजली मी तरी पाहिलेली नाही.

पहिलवानांचे आणखी निराळे. लेखकाचे पुस्तक राहते, गायकाचा आवाज राहतो, कार्यकर्त्याचा लढा दुसरा कोणी पुढे नेतो. पहिलवानाच्या मागे काय राहते? १४ डिसेंबर २०२० ला श्रीपती खंचनाळे गेले. १९५९ मध्ये पंजाबच्या मल्लाला नमवून देशातला पहिला हिंदकेसरी झालेला हा माणूस आपल्या गल्लीबोळांतून साधेपणाने फिरत असे. त्या कुस्तीचे चलचित्र मी कधी पाहिलेले नाही. मी जे पाहिले ते आमच्या पेठेतल्या एका वृद्ध वस्तादांच्या हातात. खंचनाळ्यांची पकड कशी होती असे मी सहज विचारले, तर वस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला, माझे मनगट धरले, अंगठा आत वळवला आणि ''हितनं सुटून दाखव'' म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझा हात ठणकत होता. खासबाग मैदानातल्या कितीतरी लढती त्या गृहस्थांच्या अंगात अशा साठवलेल्या होत्या. कोणी कोणता पट कसा काढला, पंचांनी कुठे चूक केली, पाऊस कधी आला, फेटे कधी उडाले, सगळे. ते वस्तादही आता नाहीत. त्यांच्याकडून यातले काही उतरवून घ्यावे असे त्या पेठेत कोणाला सुचले नाही, आणि जे गेले ते आता कुठल्याही पुतळ्याने परत यायचे नाही.

पहिलवानांच्या बाबतीत आपली आणखी एक खोड आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावे म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना पैसे दिले. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग पुढची तीन दशके हा माणूस पोलीस खात्यातल्या नोकरीत झाकून गेला. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो २००० सालचा. मरणोत्तर सन्मानाला माझा विरोध नाही, पण जिवंतपणी ज्याच्या दारात आपण गेलो नाही त्याच्या जयंतीला भाषण करताना आवाज थोडा खाली ठेवावा, एवढे तरी आपण करू शकतो.

२० मे २०२५ ला डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा ते जन्माने कोल्हापूरचे हे आमच्या पेठेत पुष्कळांना बातमीतूनच कळले. १९ जुलै १९३८ चा त्यांचा जन्म इथला. बालपण बनारसला गेले, पुढे केंब्रिज, मुंबई आणि पुणे. त्यांच्या विश्वरचनेच्या सिद्धान्तातले मला काही कळते असा आव मी आणणार नाही. माझ्यासाठी ते पोस्टकार्डाचे नारळीकर होते. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. माझ्या पुतण्याने शाळेत असताना असे कार्ड टाकले होते, आणि त्याला उत्तर आलेले पाहून सबंध वर्गाने पोस्टात रांग लावली होती. ते गेल्यावर आमच्या घरी कोणी रडले नाही. पुतण्याने, जो आता दोन मुलांचा बाप आहे, ते कार्ड शोधून काढले आणि मुलांना विचारले, ''तुम्हाला काय विचारायचं आहे?'' मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, मग रात्री तिघे पुस्तक घेऊन बसले. त्या घरातली शोकसभा ती.

यावर कोणी म्हणेल, की वर्तमानपत्राने यात काय करायचे, माणूस रात्री दहाला गेला तर सकाळच्या अंकाला जे हाताशी असेल तेच छापले जाणार. ते मला मान्य आहे. छापखान्यातल्या माणसाला वेळेची ओढाताण सांगावी लागत नाही. म्हणून माझी विनंती पहिल्या दिवसाच्या अंकाविषयी नाही. रक्षाविसर्जन झाल्यानंतरच्या आठवड्यात, प्रतिक्रियांचा धुरळा बसल्यावर, आपल्या दैनिकाने अर्धे पान त्या माणसाबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्यांना द्यावे. पुढाऱ्यांना त्यात जागा नसावी. गायकाच्या बाबतीत तबलजी आणि ध्वनिमुद्रक, कार्यकर्त्याच्या बाबतीत त्याची पत्रके वाटणारा, लेखकाच्या बाबतीत त्याचा मुद्रितशोधक आणि टपाल आणणारा, अशी माणसे बोलती करावीत. त्यांची मराठी ओबडधोबड असली तर तशीच छापावी.

आणि काही बाबतीत माणूस जाण्याची वाटही पाहू नये. जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओत सेट रंगवणारे, दिवे ओढणारे, पोशाख सांभाळणारे कामगार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. सुलोचनादीदी ४ जून २०२३ ला गेल्या, तेव्हा त्या भालजींच्या हाताखाली तयार होत असतानाचे दिवस पाहिलेले कोणी सापडते का म्हणून मी चौकशी केली, तर दोनच घरे निघाली, आणि त्यांतल्या एका घरात आजोबांना ऐकू येईनासे झालेले. खासबागेतल्या जुन्या कुस्त्या पाहिलेल्यांचीही गत तीच. आपल्या वार्ताहरांपैकी एखाद्या तरुणाकडे एवढेच काम सोपवावे, त्याने तालमीतालमींतून फिरून या लोकांना बोलते करावे, आणि पहिलवानांच्या बाबतीत नुसते लिहून न घेता डाव करून दाखवताना त्यांचे चित्रीकरण करावे, कारण मनगटावरच्या पकडीचे वर्णन शब्दांत होत नाही हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या छापखान्याच्या माळ्यावर १९७० ते १९९५ या काळातली मैदानांची आणि शोकसभांची हँडबिले गठ्ठे बांधून ठेवलेली आहेत. भालजी बाबा गेले त्या नोव्हेंबर १९९४ मधलीही त्यांत आहेत. काहींना वाळवी लागली आहे, पण तारखा, ठिकाणे आणि कुस्त्यांच्या जोड्या बहुतेकांवर वाचता येतात. आपल्या वार्ताहराला त्यांचा उपयोग होणार असेल तर त्याने दुपारी चारनंतर कधीही यावे. मुलगा मशीनवर असतो, माळ्याची किल्ली माझ्याकडे असते.

आपला नम्र,
एक जुना मुद्रक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर